डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई हे एके काळी एक लहानसे संस्थान होते. तेथील महाराजा कॉलेजात विसाव्या शतकाच्या आरंभी एका अर्जावरून मोठा गदारोळ उठला. अर्ज प्रवेशासाठी होता आणि तो एका मुलीचा होता. त्या कॉलेजात तोवर केवळ मुलगेच शिकत असत. मुलगी वर्गात येऊन बसली तर मुलांचे चित्त विचलित होईल, असे काही पालकांना वाटत होते. आपल्या मुलांची नावे काढून घेण्याची भाषाही झाली. या आक्षेपामागे आणखी एक आक्षेप दडलेला होता आणि तो अधिक बोचरा होता. मुलीची आई देवदासींची परंपरा असलेल्या समाजातील होती. अखेर संस्थानच्या राजांनी प्रवेश देण्याची आज्ञा केली, आणि मुलांनी भरलेल्या त्या कॉलेजात ती एकटी मुलगी शिकू लागली. पुढे वीस-बावीस वर्षांनी मद्रास इलाख्याच्या कायदेमंडळात याच मुलीला असेच, पुरुषांनी भरलेल्या सभागृहात एकटीने बसावे लागणार होते. तिचे नाव मुथुलक्ष्मी.

मुथुलक्ष्मींचा जन्म 30 जुलै 1886 रोजी झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पुण्याच्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवली होती, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुथुलक्ष्मींचे वडील नारायणस्वामी अय्यर हे विद्वान ब्राह्मण गृहस्थ होते आणि शिक्षण हाच त्यांचा व्यवसाय होता. चंद्रम्माळ यांच्याशी संसार मांडल्यामुळे त्यांच्या नातलगांनी त्यांना दूर केले. आपल्या थोरल्या मुलीने शिकावे अशी वडिलांची इच्छा होती, तर तिचे लग्न वेळेवर व्हावे असा आईचा आग्रह होता. त्या काळी मुलगी वयात आली की तिचे घराबाहेर पडणे थांबत असे. मुथुलक्ष्मींचेही शाळेत जाणे असेच थांबले. तेव्हा वडिलांनी व शिक्षकांनी घरीच शिकवून त्यांची मॅट्रिकची तयारी करून घेतली आणि त्या बाहेरून परीक्षेला बसून उत्तीर्ण झाल्या. प्रवेशासाठीचा वाद झाला तो त्यानंतर.

1907 मध्ये मुथुलक्ष्मी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्रकृती नाजूक, घरची स्थिती बेताची आणि शहर अनोळखी. तरीही शिक्षणक्रमातील पारितोषिके मिळवीत त्यांनी 1912 मध्ये पदवी संपादन केली. सरोजिनी नायडूंचा परिचय त्यांना याच काळात झाला आणि अॅनी बेझंट यांच्या विचारांचीही ओळख झाली. एग्मोर येथील स्त्रियांच्या व मुलांच्या सरकारी रुग्णालयात काही काळ काम करून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. विवाहाकडे त्यांचा ओढा नव्हता. विवाह म्हणजे आपल्या कामाचा शेवट, असे त्यांना वाटे, आणि भोवतालची उदाहरणे पाहता ही भीती निराधार नव्हती. 1914 मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांनी विवाह केला तो अट घालूनच : पतीने पत्नीला बरोबरीच्या नात्याने वागवावे आणि तिच्या कामात आडकाठी करू नये. पुढील आयुष्याकडे पाहता ही अट पाळली गेली असे म्हणता येते.

मुथुलक्ष्मींच्या आयुष्याला वळण लावणारी एक घटना 1920 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडली. त्यांच्या धाकट्या बहिणीला आजार जडला. प्रथम तो आमांश समजून उपचार करण्यात आले. निदान झाले तेव्हा तो कर्करोग निघाला आणि वेळ निघून गेली होती. बहिणीचे हाल त्यांनी आपल्याच घरात पाहिले. घरात दोन डॉक्टर असूनही काही करता आले नाही, हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. 1925 मध्ये सरकारी साहाय्याने त्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या रुग्णालयांत त्यांनी स्त्रिया व मुले यांच्या रोगांबरोबर कर्करोगाच्या उपचारांचाही अभ्यास केला. 1926 मध्ये पॅरिस येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या हिंदुस्थानच्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या. मायदेशी परतल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्यासमोर एक अनपेक्षित प्रस्ताव आला.

हा प्रस्ताव समजण्यासाठी त्या वेळची राज्यव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. 1919 च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वरूपाची कायदेमंडळे मिळाली. स्त्रियांना मत द्यावे की नाही, हा प्रश्न मात्र ब्रिटिश संसदेने त्या त्या प्रांताच्या कायदेमंडळावर सोपवला. मद्रासने 1921 मध्ये स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यानेही तसेच पाऊल उचलले. मतदानाला मालमत्तेची अट असल्याने हा अधिकार फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला, हे खरे. कायदेमंडळात बसण्याचा मार्ग तर आणखी पाच वर्षे बंदच होता. तो 1926 मध्ये खुला झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनी पराभूत झाल्या. तेव्हा 1917 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या वुमेन्स इंडियन असोसिएशनने सरकारकडे आग्रह धरला, की निदान एका स्त्रीची नेमणूक तरी करावी. नाव पुढे आले ते डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे.

ही नेमणूक स्वीकारण्यास मुथुलक्ष्मी फारशा उत्सुक नव्हत्या. रुग्ण सोडून सभागृहात बसणे त्यांना परवडणारे नव्हते आणि राजकारणाचा अनुभवही नव्हता. सहकारी स्त्रियांच्या आग्रहास्तव त्यांनी होकार दिला. अशा रीतीने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदेमंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. संस्थानी मुलखात, त्रावणकोरमध्ये, डॉ. मेरी पूनन लुकोस यांची नेमणूक त्याआधीच झाली होती. त्याही डॉक्टरच होत्या. या दोन्ही नेमणुका डॉक्टर स्त्रियांच्याच व्हाव्यात यात नवल नाही. त्या काळात पुरुषांच्या बैठकीत स्त्रीचा शब्द निमूटपणे ऐकला जाई, अशी रुग्णाची खोली ही बहुधा एकमेव जागा होती.

1927 मध्ये मद्रासच्या कायदेमंडळाने मुथुलक्ष्मींना एकमताने उपसभापती निवडले. मद्रास इलाखा म्हणजे आजचे केवळ तमिळनाडू नव्हे. आंध्रचा किनारा व रायलसीमा, मलबार, दक्षिण कॅनरा असा विस्तीर्ण मुलूख त्यात मोडत होता. एवढ्या मोठ्या प्रांताच्या सभागृहाचे उपसभापतिपद एका स्त्रीकडे येणे ही त्या काळी जगाच्या पाठीवरही दुर्मीळ गोष्ट होती. पण त्या पदाच्या शोभेत रमणाऱ्या नव्हत्या. मुलींच्या शिक्षणासाठी अधिक खर्च, शाळांतील मुलामुलींची नियमित वैद्यकीय तपासणी, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालयाची सोय, असे विषय त्या सातत्याने मांडत राहिल्या. बालविवाहाच्या प्रश्नाकडे त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली बाळंतपणात दगावतात, हे त्यांना कोणाच्या अहवालातून समजले नव्हते. त्या खाटांपाशी त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. मुलींच्या विवाहाचे वय वाढवावे यासाठी त्यांनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर प्रचार केला. 1929 मध्ये हरबिलास सारडा यांच्या विधेयकाचा केंद्रात कायदा झाला, त्याच्या पाठीशी देशभरातील स्त्री संघटनांचे जे बळ उभे होते त्यात त्यांचा वाटा होता.

त्यांच्या विधिमंडळीय कार्याचा गाभा मात्र देवदासींचा प्रश्न हाच आहे.

देवाला मुली वाहण्याची चाल एकट्या तमिळ प्रदेशात होती असे नाही. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणी आणि गोव्यातील देवळांच्या भाविणी मराठी मुलखाला परिचित होत्या. महाराष्ट्रात शिवराम जानबा कांबळे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आवाज उठवला होता. म्हैसूर संस्थानाने 1909 च्या सुमारास आपल्या देवळांतील देवदासींची सेवा बंद केली होती. मद्रास इलाख्यात ती चालूच होती. कोवळ्या वयाच्या मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने ताळी बांधली जाई. त्यानंतर तिचा लौकिक विवाह होत नसे. देवळात नृत्य, गायन, दीप ओवाळणे ही तिची सेवा. परंतु देवळांचे वैभव ओसरत गेल्यावर त्या सेवेतून पोट भरणे कठीण झाले आणि धनिकांच्या आश्रयावाचून तिला दुसरा मार्ग उरला नाही.

कायदा नव्हता असे नाही. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे वा देणे हा 1860 च्या दंडसंहितेनुसार गुन्हाच होता. पण ताळी बांधण्याचा विधी हा धर्मविधी मानला जाई. त्यामागे अनैतिक हेतू होता हे न्यायालयात सिद्ध करणे अवघड होते, आणि तक्रार करणार तरी कोण? मुलगी अजाण, तर विधी करणारे तिचेच आप्त. नोव्हेंबर 1927 मध्ये मुथुलक्ष्मींनी कायदेमंडळात ठराव मांडला. हिंदू देवळांना अल्पवयीन मुली वाहण्याची चाल थांबवण्यासाठी सरकारने कायदा करावा, अशी त्याची मागणी होती. ठराव मंजूर झाला. मात्र ठराव म्हणजे केवळ शिफारस, कायदा नव्हे. आणि धर्माच्या बाबतीत हात घालण्यास ब्रिटिश सरकार नेहमीच कचरत असे.

येथे मुथुलक्ष्मींमधील जाणत्या कायदेकर्त्या स्त्रीची ओळख पटते. रूढी केवळ श्रद्धेवर टिकत नाही, तिच्या तळाशी बहुधा एखादा आर्थिक व्यवहार असतो, हे त्यांनी ओळखले होते. देवदासींच्या घराण्यांना देवळाच्या सेवेच्या बदल्यात इनाम जमिनी मिळालेल्या असत. सेवा चालू राहील तोवर जमीन. म्हणजे घराण्यातील एक पिढी थकली की पुढच्या पिढीतील एखादी मुलगी देवाला वाहणे भाग पडे, नाही तर जमीन जाई. आईची इच्छा असो वा नसो, त्या जमिनीच्या तुकड्याने मुलीचे भवितव्य ठरवून टाकलेले असे. नुसती चाल बंद केली असती तर या स्त्रिया उघड्यावर आल्या असत्या. आणि जमीन तशीच ठेवली असती तर चाल बंद झाली नसती. तेव्हा मुथुलक्ष्मींनी हिंदू धर्मादाय कायद्यात दुरुस्ती सुचवली. तिच्यानुसार जमीन देवदासीकडेच राहील, मात्र तिच्यावरील सेवेचे बंधन सुटेल. ही दुरुस्ती 1929 मध्ये संमत झाली. तिच्यात घोषणेचा आवेश नव्हता आणि तिची चर्चाही पुढे फारशी झाली नाही. पण मुलगी देवाला वाहण्याची घरातील निकड तिने कमी केली, आणि एका खासगी सदस्याने सरकारी अनास्था असताना ती घडवून आणली, हे लहान काम नव्हते.

यापुढचे पाऊल म्हणजे मुली वाहण्यावर सरळ बंदी. त्यासाठीचे विधेयक त्यांनी 1930 मध्ये आणले आणि वादळ उठले.

सनातनी मंडळी विरोधात जाणार हे अपेक्षित होते. राष्ट्रीय चळवळीतील काही नेतेही विरोधात गेले. वक्ते म्हणून ख्याती असलेल्या एस. सत्यमूर्तींना ही चाल म्हणजे संस्कृतीचा एक भाग वाटत होता आणि परकीय सरकारच्या कायद्याने तिला हात लावणे त्यांना मान्य नव्हते. सर्वांत अवघड विरोध मात्र तिसऱ्या दिशेने आला. तो खुद्द देवदासींचा होता. 1927 पासूनच त्यांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज, निवेदने पाठवली होती. त्यात अग्रभागी होत्या बंगळूर नागरत्नम्मा. तिरुवैयारू येथे संत त्यागराजांच्या समाधीचे मंदिर ज्यांनी स्वतःच्या पैशाने उभारले, त्या याच विदुषी गायिका. आम्हांला सरसकट वेश्या ठरवू नका, असे या स्त्रियांचे म्हणणे होते. त्यांच्यात वारसा आईकडून मुलीकडे जाई. त्या मुली दत्तक घेऊ शकत, त्यांना लिहितावाचता येई, संगीत व नृत्य यांची विद्या त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती. हिंदू कुटुंबातील लग्नाच्या स्त्रीला त्या काळी यातील बरेच काही मिळत नव्हते. बंदी आणण्यापेक्षा आम्हांला शिक्षण द्या, आमच्या विद्येला मान द्या, अशी त्यांची मागणी होती.

हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. मुथुलक्ष्मी स्वतः त्या समाजाच्या लेक होत्या. आईच्या वाट्याला आलेली अवहेलना त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्यामुळे या प्रश्नाकडे त्या तटस्थपणे पाहू शकल्या नाहीत, आणि तसे पाहण्याची त्यांची इच्छाही नसावी. एखाद्या नागरत्नम्मांचे वैभव त्यांना दिसत होते. पण त्यांच्या दवाखान्यात येत होत्या त्या रोगाने जर्जर झालेल्या, विशीही न ओलांडलेल्या मुली. देवदासींपैकी किती जणींच्या वाट्याला कला आणि मान येतो आणि किती जणींच्या वाट्याला केवळ व्याधी, हा हिशेब त्यांच्यापाशी स्पष्ट होता. त्या समाजातील सगळ्याच स्त्रिया विरोधात होत्या असेही नाही. मूवलूर रामामिर्थम अम्माळ यांच्यासारख्या, त्याच जीवनातून बाहेर पडलेल्या कार्यकर्तीने या चळवळीला गावोगाव आधार मिळवून दिला.

तरीही नागरत्नम्मांच्या म्हणण्यातील काही भाग खरा ठरला, हे नमूद केले पाहिजे. चळवळीच्या जोरात नृत्यावरच डाग बसला. लग्नसमारंभांत, जाहीर कार्यक्रमांत देवदासींचे नृत्य ठेवू नये असा प्रचार झाला आणि ज्यांचे पोट त्या कलेवर होते त्यांचे कार्यक्रम बंद पडले. 1932 मध्ये वकील व कलाप्रेमी ई. कृष्ण अय्यर आणि मुथुलक्ष्मी यांच्यात वृत्तपत्रांतून यावर जाहीर वाद झाला. चाल जावी, पण कला राहावी, अशी कृष्ण अय्यर यांची बाजू होती. पुढे तीच कला भरतनाट्यम या नावाने प्रतिष्ठित घरांतील मुलींनी आपलीशी केली. ज्या तंजावर बंधूंनी त्या नृत्याची रचना बसवली, त्यांना तंजावरच्या मराठी राजांचा, सरफोजींचा आश्रय होता. त्या दरबारात नाचणाऱ्या स्त्रियांच्या वारसदारांपैकी फार थोड्या जणींना नव्या रंगमंचावर जागा मिळाली. सुधारणेच्या इतिहासात अशी नुकसानीची बाजू सहसा लिहिली जात नाही.

विधेयक पुढे सरकण्यापूर्वीच देशातील वातावरण पालटले. मे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. तिच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मींनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. हा निर्णय सोपा नव्हता. सभागृहातील एकमेव स्त्री बाहेर पडली की तिचे विधेयक पोरके होणार, हे त्या जाणून होत्या. आणि तसेच झाले. ते मागे पडले. मुंबई इलाख्याने 1934 मध्ये देवदासींच्या संरक्षणाचा कायदा केला, परंतु ज्या मद्रासमध्ये या प्रश्नाची एवढी चर्चा झाली तेथे मात्र आणखी अनेक वर्षे जावी लागली. सभागृहातील आपल्या अनुभवांवर त्यांनी 1930 मध्येच एक पुस्तक लिहिले. सभागृहात एकट्या पडलेल्या सदस्याने काम कसे रेटावे, हे समजून घेण्यासाठी आजही ते वाचनीय आहे.

राजीनाम्याच्याच वर्षी एक वेगळे काम त्यांच्या दाराशी चालत आले. देवदासी घरांतील काही मुली, त्या जीवनातून सुटण्यासाठी, आश्रय मागत त्यांच्याकडे आल्या. मुथुलक्ष्मींनी त्यांची सोय शहरातील वसतिगृहांत करण्याचा प्रयत्न केला. मुलींचा जन्म कोणत्या घरातला हे कळताच दारे बंद झाली. देवाला मुली वाहू नयेत, असे म्हणणाऱ्या समाजात त्या मुलींना राहायला जागा नव्हती. तेव्हा मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतले. त्यातून अव्वै होम ही संस्था उभी राहिली. प्राचीन तमिळ कवयित्री अव्वैयार हिचे नाव त्यांनी संस्थेला दिले. पुढे संस्था अड्यार येथे स्थिरावली, तिची शाळा निघाली, आणि देवदासींच्या मुलींबरोबरच अनाथ व निराधार मुलींनाही तेथे आसरा मिळाला. तेथून बाहेर पडलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या.

या वर्षांत त्यांचे कार्यक्षेत्र देशभर पसरले होते. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीवर त्या एकमेव स्त्री सदस्य होत्या आणि समितीचा अहवाल 1929 मध्ये प्रसिद्ध झाला. 1927 मध्ये पुण्यात जिचे पहिले अधिवेशन भरले, त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या 1931 च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. नव्या राज्यघटनेची चर्चा सुरू झाली तेव्हा पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीला मत द्यावे, अशी योजना पुढे आली. मत हे प्रौढ नागरिक म्हणून मिळावे, कोणाची पत्नी म्हणून नव्हे, ही महिला संघटनांची भूमिका त्यांनीही आग्रहाने मांडली. 1935 च्या कायद्यात ती मान्य झाली नाही. ती मान्य होण्यास स्वतंत्र भारताची राज्यघटना यावी लागली.

देवदासी प्रतिबंधक कायदा मद्रासमध्ये अखेर 1947 साली, ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात संमत झाला. मुलगी देवाला वाहणे हा गुन्हा ठरला आणि पूर्वी वाहिलेल्या स्त्रियांना कायदेशीर विवाहाचा मार्ग मोकळा झाला. ठराव मांडला तेव्हा मुथुलक्ष्मी एकेचाळीस वर्षांच्या होत्या. कायदा झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

एक काम अजून राहिले होते. बहिणीच्या मृत्यूनंतर मनात धरलेले कर्करोगाचे रुग्णालय अजून उभे राहिले नव्हते. 1935 मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी त्यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली होती. मुंबईत 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. दक्षिणेत मात्र तशी काहीच सोय नव्हती. कर्करोग म्हणजे मृत्यूच, त्यावर पैसा कशाला घालवायचा, अशी समजूत अधिकारी वर्गातही होती. मुथुलक्ष्मींनी वुमेन्स इंडियन असोसिएशनच्या वतीने निधी जमवण्यास आरंभ केला. 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. जून 1954 मध्ये अड्यारला बारा खाटांचे रुग्णालय सुरू झाले, तेही झोपडीवजा साध्या इमारतीत. मुथुलक्ष्मींचे पुत्र डॉ. कृष्णमूर्ती यांनी तेथील वैद्यकीय कामाची धुरा घेतली. 1955 मध्ये डॉ. व्ही. शांता नावाची एक तरुण डॉक्टर, हाती आलेली सरकारी नोकरीची संधी सोडून, त्यांना येऊन मिळाली.

स्वातंत्र्यानंतर मुथुलक्ष्मी मद्रास राज्याच्या समाजकल्याण सल्लागार मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. 1956 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. 1964 मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. अखेरच्या वर्षांतही रुग्णालयाचा निधी आणि अव्वै होममधील मुली हेच त्यांच्या चिंतेचे विषय होते.

22 जुलै 1968 रोजी त्यांचे निधन झाले. अड्यारचे रुग्णालय पुढे वाढत गेले आणि देशातील कर्करोगावरील अग्रगण्य संस्थांत गणले जाऊ लागले. डॉ. शांता संस्थेच्या आवारातच राहत असत. 19 जानेवारी 2021 रोजी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा बारा खाटांपासून सुरू झालेल्या त्या संस्थेत त्यांनी पासष्ट वर्षांहून अधिक काळ काम केले होते.